ती खुडूक नव्हती

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळचा कॉल संपवून मी परड्यात गेलो, तर तांबडी अंडी घालायच्या टोपलीत बसलेली होती. दुपारी गेलो तेव्हाही तिथेच. संध्याकाळी आईने डोकावून बघितलं आणि म्हणाली, "खुडूक झाली असंल. बसू दे की चार दिवस." मी माझ्या अंड्यांच्या तक्त्यात 'तांबडी : खुडूक' अशी नोंद केली आणि निश्चिंत झालो.

त्या एका नोंदीत तांबडीचे अकरा दिवस गेले. या महिन्याचा लेख त्या अकरा दिवसांवर आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांवर आहे. मागच्या काही लेखांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलं होतं की आम्हीही गच्चीत किंवा अंगणात दोन-चार कोंबड्या पाळायला सुरुवात केली आहे. म्हणून हे सगळं लिहितोय, माझ्या चुकीसकट.

आमच्याकडे चार कोंबड्या. काळी आणि ठिपकी या गावठी, आईच्या माहेराहून, येळ्ळूरहून आलेल्या. तांबडी आणि बदामी या अंड्यांसाठी तयार केलेल्या संकरित जातीच्या. चार वर्षांपूर्वी त्या दोघी तलंगा होत्या तेव्हा मीच बाजारातून आणल्या. आईचं मत गावठीच्या बाजूने होतं. माझं गणित वेगळं होतं. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, ही जात भरात असताना तीनशेच्या आसपास. घरात वाढत्या वयाची मुलगी, बाबांना डॉक्टरांनी सांगितलेलं एक अंडं, बायकोला आणि मला जिमचं वेड. आकडा बघून मी निर्णय घेतला. त्या आकड्याच्या मागे काय आहे, ते मला चार वर्षांनी कळलं.

आधी अंडं कसं तयार होतं ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. कोंबडीच्या पोटात अंडाशय एकच काम करतं, डावं. उजवं खुरटून जातं. त्या डाव्या अंडाशयावर द्राक्षाच्या घडासारखे लहान-मोठे बलक लगडलेले असतात. पूर्ण वाढलेला एक बलक सुटतो आणि त्याला अंडनलिकेचं नरसाळ्यासारखं तोंड झेलतं. तिथे तो पंधरा-वीस मिनिटं असतो. पुढच्या भागात सुमारे तीन तास पांढऱ्याचे थर चढतात. मग तासभरात पातळ पापुद्रा. आणि शेवटी कवच, ज्याला जवळजवळ २० तास लागतात. सगळं मिळून २४ ते २६ तास. अंडं घालून झालं की बऱ्याचदा अर्ध्या तासात दुसरा बलक सुटतो.

एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. त्यातला काही भाग दिवसभराच्या खाण्यातून येतो, पण कवच मुख्यतः रात्री चढतं आणि तेव्हा पोट रिकामं असतं. म्हणून उरलेलं कॅल्शियम ती स्वतःच्या हाडांतून काढते. दिवसा पुन्हा भरते, रात्री पुन्हा काढते. आजच्या कोंबड्यांची मूळ पूर्वज जी लाल रानकोंबडी, ती वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते आणि पिल्लं वाढवते. तेच शरीर, तीच एक नळी, आणि माणसाने निवड करत करत तिच्याकडून तीनशे अंडी घ्यायला सुरुवात केली.

मोठ्या फार्मवर या कोंबड्या साधारण ७२ ते ८० आठवड्यांच्या झाल्या की काढून टाकतात. म्हणजे दीड वर्ष. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांना काय होतं, हे तिथे फारसं कुणी बघतच नाही. आमच्या आजीच्या काळातही अंडी कमी झाली की कोंबडी रविवारच्या रश्श्यात जायची. म्हातारी कोंबडी हा प्रकार आमच्या घराण्यात माझ्या लेकीने आणला. तिने चौघींना नावं ठेवली आणि नावं ठेवल्यावर रस्सा बंद झाला.

पहिली सूचना आम्हाला गेल्या वर्षीच मिळाली होती. तांबडी तेव्हा तीन वर्षांची. एका सकाळी ती कोपऱ्यात शेपूट खाली टाकून उभी, डोळे अर्धे मिटलेले, मधूनच कुंथल्यासारखं करायची. आईने तिला उचलून पोटाखाली हात घातला आणि लगेच म्हणाली, "अंडं अडकलंय." घमेल्यात कोमट पाणी घेतलं, अंगाला सोसेल इतपत. तांबडीला पोट बुडेल एवढ्या पाण्यात वीस मिनिटं धरून ठेवलं. मग कोरडं करून अंधाऱ्या, उबदार खोलीत पेटीत ठेवलं. दोन तास गेले तरी काही नाही, म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, घरी पुन्हा एकदा पाण्यात बसवा, पण आतलं अंडं दाबून फोडायला जाऊ नका. कवचाचे तुकडे आत लागले की जखम होते, जंतू शिरतात आणि मग वाचवणं अवघड. संध्याकाळी अंडं पडलं. कवच नव्हतंच, नुसती पापुद्र्याची पिशवी. मऊ कवचाचं अंडं जास्त अडकतं, कारण त्याला ढकलायला नळीच्या स्नायूंना नीट पकड मिळत नाही. त्या स्नायूंनाही आकुंचन पावायला कॅल्शियमच लागतं.

तेव्हा डॉक्टरबाई एक वाक्य बोलल्या होत्या. "आता हिच्यावर लक्ष ठेवा." मी शिंपल्यांचा भरडा आणला, वेगळ्या वाटीत ठेवला, आणि लक्ष ठेवण्यासाठी तक्ता केला. आमच्या कामात सर्व्हरवर जसं लक्ष ठेवतो तसं. रोजची एकूण अंडी, आठवड्याची सरासरी. चूक इथेच होती. तांबडीचं आणि बदामीचं अंडं रंगाने, आकाराने एकसारखं. मी बेरीज ठेवत होतो. जूनमध्ये बेरीज कमी झाली तेव्हा मी पावसावर ढकललं. जुलैमध्ये आणखी कमी झाली तेव्हा वयावर. तांबडीचं अंडं बंद झालंय आणि जे येतंय ते सगळं बदामीचं आहे, हे त्या तक्त्यात दिसणं शक्यच नव्हतं.

आणि मग श्रावणात ती टोपलीत बसली.

गावठी कोंबडी खुडूक होते म्हणजे तिच्या शरीरातले संप्रेरक बदलतात, अंडी थांबतात, आणि तिला उबवण्याची ओढ लागते. रवणीवर बसवली की एकवीस दिवसांनी पिल्लं. नाही बसवली तरी काही आठवडे तिचं अंडाशय विश्रांती घेतं. हे मला नंतर सुचलं की खुडूक म्हणजे कोंबडीची हक्काची रजा आहे. जास्त अंडी देणाऱ्या जाती तयार करताना माणसाने नेमकी हीच सवय निवडून निवडून काढून टाकली, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. त्यामुळे तांबडीसारखी कोंबडी चौथ्या वर्षी अचानक खुडूक होण्याची शक्यता फार कमी होती. आईने आयुष्यभर गावठी कोंबड्या बघितल्या, तिला तेच दिसलं. मी इंटरनेटवर कोंबड्यांचं एवढं वाचलेलं, मला तरी दिसायला हवं होतं. पण खुडूक म्हटलं की काही करावं लागत नाही. मला ते उत्तर सोयीचं होतं.

अकराव्या दिवशी लेक शाळेतून आली, परड्यात गेली आणि धावत परत आली. "बाबा, तांबडी पेंग्विनसारखी उभी आहे."

खरंच तशी होती. अंग सरळ ताठ, शेपूट खाली, पाय फाकलेले. मी तिला उचललं. छातीचं हाड हाताला सुरीच्या धारेसारखं लागलं आणि त्याच्या मागचं पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं घट्ट. लाल तुरा फिका पडलेला. मागची पिसं घाण झालेली. वरून ती पूर्वीएवढीच गोल दिसत होती, किंबहुना जास्त भरल्यासारखी. वजन केलं तर फरक थोडाच निघाला, कारण मांस गेलं होतं आणि त्याच्या जागी पाणी आलं होतं.

दवाखान्यात लेकही आली. केसपेपर कानडीत होता. ती शाळेत कानडी शिकते म्हणून तिने जोरात वाचलं, "कोळी." आणि मग मला म्हणाली, "बाबा, यांनी तांबडीला कोळी लिहिलंय!" कानडीत कोंबडीला कोळी म्हणतात हे तिला माहीत होतं, पण तिला हसवायचं होतं. मला की स्वतःला, ठाऊक नाही. डॉक्टरबाईही हसल्या. तेवढंच त्या दिवशीचं हसणं.

डॉक्टरबाईंनी तांबडीला उताणी केली नाही. उभीच धरायला सांगितली. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. पोटात पाणी असताना उताणी केली तर ते सगळं हवेच्या पिशव्यांवर येतं आणि ती गुदमरू शकते. हे मला माहीत नव्हतं, घरी मी तिला उताणीच करून बघणार होतो. त्यांनी सुईने थोडं पाणी काढलं. पिवळसर, दाट, त्यात शिजलेल्या बलकासारखे बारीक तुकडे.

"नोड्री सर," त्यांनी सिरिंज उजेडात धरून मला दाखवली आणि पुढचं मराठीत सांगितलं. बलक अंडाशयातून सुटत होता, पण नरसाळ्यात जात नव्हता. सरळ पोटात पडत होता. एखाद-दुसरा पडला तर शरीर शोषून घेतं. पण पुन्हा पुन्हा पडत राहिला, त्यात खालून वर चढलेले जंतू वाढले, की पोटाच्या अस्तराला सूज येते, पाणी साठतं. हे जंतू बहुधा ई. कोलाय असतात, विष्ठेतले नेहमीचेच. कधी नळीच सुजते आणि आत पू आणि बलकाचे थर साचून रबरासारखा गोळा होतो. कधी अंडाशयाचा कॅन्सर असतो. वयस्क कोंबड्यांना तो आपोआप होतो, इतका की माणसांतल्या त्या कॅन्सरच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ कोंबड्या वापरतात. सतत बीज सुटत राहणं हे त्यामागचं एक कारण मानतात. तांबडीच्या पोटात यातलं नेमकं काय काय आहे, ते बाहेरून पूर्ण सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

"बरी होईल का?" मी विचारलं.

"आराम पडेल," त्या म्हणाल्या. "बरी होणं वेगळं."

मग त्यांनी तीन रस्ते सांगितले. एक, पाणी काढायचं, प्रतिजैविक आणि वेदनाशामक द्यायचं आणि बघायचं. बलक पडणं थांबलं नाही तर पाणी पुन्हा भरणार. दोन, अंडनलिका काढण्याची शस्त्रक्रिया किंवा अंडी थांबवणारं संप्रेरकाचं इम्प्लांट. पक्ष्यांवर काम करणारे तज्ज्ञ हे करतात, पण या अवस्थेतल्या कोंबडीला भूल सोसेल याची खात्री नाही आणि ती सोय जवळपास नव्हती. तीन, आत्ताच इंजेक्शन देऊन शांतपणे संपवायचं.

लेक माझ्याकडे बघत होती. मी पहिला रस्ता घेतला. डॉक्टरबाईंनी हळूहळू, मध्ये थांबत थांबत दीडशे मिलिलिटरच्या आसपास पाणी काढलं. सगळं एकदम काढलं तर रक्तदाब कोसळतो. निघताना त्यांनी बजावलं, घरातली माणसांची गोळी अर्धी-पाव करून देऊ नका. विशेषतः डायक्लोफेनॅक. हे औषध पोटात असलेली मेलेली जनावरं खाऊन आपल्या देशातली गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. पक्ष्यांची मूत्रपिंडं वेगळी असतात. शिवाय अर्धवट दिलेल्या प्रतिजैविकाने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. आणि औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत त्या कोंबडीचं अंडं आलंच तर खायचं नाही.

घरी आल्यावर शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "चारशे रुपयांच्या कोंबडीला एवढा खर्च? त्यापेक्षा त्याच दिवशी कापायची होतीस." बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनाही तसंच वाटत असणार. मला राग आला नाही. एका अर्थी काकांचं बरोबर होतं. पूर्वीच्या माणसांनी कोंबडीला या दिवसापर्यंत येऊच दिलं नसतं. फरक इतकाच की आता ते मांसही खाण्याजोगं नव्हतं. पोटात जंतूंचा संसर्ग आणि अंगात औषधं. आजारी कोंबडी रश्श्यात घालू नये, हे मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवावं.

पुढचे पाच दिवस चांगले गेले. तांबडी पेटीतून बाहेर आली, मऊ भातात कालवलेलं खाद्य खाल्लं, एका उघडीपीच्या दुपारी परड्याच्या कोपऱ्यात मातीची आंघोळही केली. औषध चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडायचं, घशात ओतायचं नाही, नाहीतर श्वासनलिकेत जातं. हे काम आईने स्वतःकडे घेतलं. मांडीवर टॉवेल, टॉवेलात तांबडी, आणि आई तिच्याशी बोलायची. "काय करालीस गं? घे, घे एवढं." एकदा मला म्हणाली, "माझ्या डोळ्याला सवयीने गावठी कोंबडीच दिसली बघ. हिला रजा माहीतच नाही, हे ध्यानातच आलं नाही."

नवव्या दिवशी पोट पुन्हा घट्ट लागलं. पुन्हा दवाखाना, पुन्हा पाणी. या वेळी आराम तीन दिवसच टिकला. चौथ्या दिवशी तिने खाणं सोडलं आणि चोच उघडी ठेवून श्वास घ्यायला लागली.

त्या रात्री जेवताना लेकीने विचारलं, "आपण तिची अंडी खाल्ली म्हणून ती आजारी पडली का?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. सोपं उत्तर 'नाही' होतं आणि ते खोटंही नव्हतं. अंडं घातल्यावर ते आपण खाल्लं काय, नाही खाल्लं काय, तिच्या पोटात फरक पडत नाही. पण लेकीचा प्रश्न तेवढाच नव्हता. मी म्हणालो, "खाल्ल्यामुळे नाही. पण माणसांनी तिच्या जातीला खूप जास्त अंडी घालायला लावली आणि ती जात घरी आणायचं मी ठरवलं. त्याचा त्रास तिला झाला."

"मग आता तू काय ठरवणार?"

त्या प्रश्नाला मी अकरा दिवस आणि जवळजवळ दोन आठवडे टाळत आलो होतो, हे तेव्हा कळलं. पहिल्यांदा 'खुडूक' म्हणून टाळलं. दुसऱ्यांदा 'बघूया' म्हणून. पहिल्यांदा पाणी काढलं ते तांबडीसाठी होतं, तिला पाच चांगले दिवस मिळाले. दुसऱ्यांदा काढलं ते, खरं सांगायचं तर, माझ्यासाठी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली. डॉक्टरबाईंनी आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, मग दुसरं. आई सोबत आली होती, तिने तांबडीला मांडीवरच धरलं होतं. दोन-तीन मिनिटांत झालं. डॉक्टरबाईंनी सांगितलं, औषध शरीरात राहतं, त्यामुळे कुत्री किंवा घारी उकरून खाणार नाहीत इतकं खोल पुरा. आम्ही परड्यात पेरूच्या झाडाजवळ कमरेएवढा खड्डा काढला. बाबांनी कुदळ घेतली. त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आता तुमच्यासाठी, म्हणजे ज्यांच्याकडे दोन-तीन वर्षांच्या पुढच्या कोंबड्या आहेत त्यांच्यासाठी, आम्ही जे बदललं ते सांगतो.

पहिलं, दर रविवारी प्रत्येक कोंबडी हातात घेतो. छातीचं हाड चाचपतो, त्याच्या मागे दोन पायांच्या मध्ये हाताचा तळवा ठेवतो. निरोगी पोट मऊ, लवचीक लागतं. एकदा हाताला ओळख झाली की घट्टपणा लगेच कळतो. हाड धारदार आणि पोट मोठं, ही जोडी दिसली की दवाखाना, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी.

दुसरं, खुडूक आणि आजारी यातला फरक. खुडूक कोंबडी टोपलीत पसरून, पिसं फुलवून बसते. हात जवळ नेला की गुरगुरते, चोच मारते. दिवसातून एखाद्या वेळी उठते, घाईने खाते-पिते, एक मोठी घाण वासाची शिट टाकते आणि परत बसते. तिच्यात जोर असतो. आजारी कोंबडी हात लावू देते. डोळे मिटते, शेपूट टाकते, पाणी जास्त पिते, मागची पिसं घाण राहतात. तांबडीने त्या अकरा दिवसांत मला एकदाही चोच मारली नव्हती.

तिसरं, खाणं. अंड्यावरच्या कोंबडीला लेयरचं खाद्यच मुख्य, त्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं. शिंपल्यांचा भरडा वेगळ्या वाटीत, जिला हवा ती खाईल. पिल्लांना मात्र हे द्यायचं नाही, त्यांच्या मूत्रपिंडांना त्रास होतो. शिळा भात, चपात्या, शेव-फरसाण यांचं प्रमाण आम्ही पार कमी केलं. लठ्ठ कोंबडीत अंडं अडकण्याचं आणि नळी बाहेर येण्याचं प्रमाण जास्त असतं. नळी बाहेर आलेली दिसली तर ती ओली, स्वच्छ ठेवून कोंबडी लगेच वेगळी करा, बाकीच्या लाल रंगाला चोच मारतात, आणि डॉक्टरांकडे न्या.

चौथं, हिवाळ्यात खुराड्यात दिवा लावून अंडी वाढवायची नाहीत. दिवस लहान झाला की अंडी कमी होतात, कोंबडी पिसं टाकते, शरीर भरून काढते. खुडूक न होणाऱ्या जातीला निसर्गाने ठेवलेली ही एकच रजा आहे, ती तरी तिला मिळू दे.

आणि पाचवं, नवीन कोंबड्या आणताना नुसता आकडा बघायचा नाही. यापुढे आम्ही गावठी किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसदारासाठी काढलेल्या वनराजासारख्या जातींचाच विचार करणार. अंडी कमी येतील. बाबांना एक पुरतं आणि मला जिममध्ये तसंही कुणी ओळखत नाही.

माझा तो तक्ता मी पुसून टाकला. आता लेकीच्या वहीत प्रत्येक कोंबडीचं वेगळं पान आहे. तांबडीचं पानही आहे, तिने ते फाडलं नाही. बदामीही चार वर्षांची आहे, तिचं पोट दर रविवारी तपासताना अजून माझा हात थोडा थांबतो.

गेल्या आठवड्यात काळी टोपलीत बसलेली दिसली. आई म्हणाली, "खुडूक असंल," आणि मग स्वतःच थांबली. लेक गेली, तिने पोटाखाली हात घातला. काळी फुगली, गुरगुरली आणि तिच्या मनगटावर जोरात चोच मारली. लेक मनगट चोळत ओरडत आली, "आजी, खुडूकच आहे! बघ किती लागलं!"

इतक्या आनंदाने ओरडलेलं मी तिला बऱ्याच दिवसांनी ऐकलं. आईने त्याच संध्याकाळी काळीखाली नऊ अंडी ठेवली. आता एकवीस दिवस मोजायचे.